सिस्टरलाही झोप लागते

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवानिमित्त झालेल्या महिला मेळाव्यात आपल्या सभासद असलेल्या एका निवृत्त परिसेविकेने केलेले भाषण.)



सेक्रेटरी भाऊ म्हणाले, 'ताई, आरोग्यावर दोन शब्द बोला.' बीपी-शुगरचं तुम्ही मोबाइलवर रोज वाचताच. म्हणून आज मी सिस्टरच्या आरोग्यावर बोलणार आहे.

25 वर्षांपूर्वी आम्ही इथं राहायला आलो, तेव्हा कुंपणापलीकडे केळीची बाग होती. मी नाईट करून सकाळी नऊला घरी यायची आणि दार लावून झोपायची. 'बारा-बारा वाजेपर्यंत झोपते बाई,' हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. ज्या म्हणाल्या, त्या समोरच बसल्यात! (हशा) पण पुढे त्यांनीच माझ्या मुलाला शाळेतून आणून जेवू घातलं, हेही सांगितलं पाहिजे.

आता एक हिशेब करू. तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय म्हणजे साधारण 30 खाटा. तिथं सात सिस्टर आहेत असं धरा. आठवड्याला एक सुट्टी, म्हणजे सहा-सहा ड्युट्या, एकूण 42. दिवसाच्या तीन पाळ्या, आठवड्याच्या 21. प्रत्येक पाळीला दोघी. कागदावर छान! आता एक बाळंतपणाच्या रजेवर गेली, एकीला दुसरीकडे प्रतिनियुक्तीवर पाठवलं. उरल्या पाच, ड्युट्या 30. प्रत्येक पाळीला एक दिली की हातात नऊ राहतात. म्हणजे 21 पैकी 12 पाळ्यांना सिस्टर एकटी. वॉर्ड तिचा, बाळंतिणीची खोलीही तिची, आणि रात्री दोनला हायवेवरून अपघाताचा पेशंट आला तर तोही तिचा. नाईटनंतरची जादा सुट्टी यात मी धरलीच नाही. म्हणूनच रजेसाठी 30 टक्के जास्तीच्या जागा धराव्यात, असा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे. बाई आजारी पडणार, तिला मूल होणार, हे निकष करणाऱ्यांना ठाऊक होतं. पण जागा रिकाम्याच राहिल्या तर निकष काय करणार?

आजवर घरातसुद्धा न सांगितलेली एक गोष्ट सांगते. रुग्णालयाचं नाव घेत नाही. सलग पाचवी नाईट होती. जोडीची सिस्टर तापाने पडलेली. लेबर रूममध्ये एक बाई कळा देत होती. पहाटे चारला मी इंजेक्शन भरून एका आजोबांच्या खाटेशी गेले. हात धरला तसे ते म्हणाले, 'शिष्टर, मले तं आत्ताच देलं ना तुम्ही.'

ते इंजेक्शन शेजारच्या खाटेचं होतं.

आजोबा जागे होते म्हणून वाचले, आणि मीही वाचले. झोपलेले असते तर? त्या सकाळी घरी आले, पडदे ओढले, पण डोळा लागला नाही.

नंतर कळलं, हे आधीपासून सुरू झालं होतं. एका लेकराच्या आईने तिसऱ्यांदा तेच विचारलं, तर मी तिच्यावर खेकसले होते. पेशंटचं नाव आठवायचं नाही, नुसता खाटेचा नंबर आठवायचा. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये याची नोंद केली, 'बर्नआउट' म्हणून. अंगातली ताकद संपणं, कामाबद्दल मन कोरडं पडणं आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं, ही त्याची तीन लक्षणं. हा आजार नाही, कामाच्या ठिकाणी साचत गेलेल्या ताणाचा परिणाम आहे, असं त्यांनी स्पष्ट म्हटलंय. मला ते वाचून रडू आलं. मी वाईट सिस्टर नव्हते, थकलेली होते.

वर्षभराने मी मेट्रनबाईंना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, 'लिहायला लाग.' तेव्हापासून एकटी असले की रिपोर्ट बुकात लिहायची: आज पेशंट इतके, सिस्टर एक. इंजेक्शन देण्याआधी पेशंटलाच त्याचं नाव विचारायचं. ओव्हर देताना घाई नाही. डबा उभ्याने खायचा नाही, दहा मिनिटं का होईना, बसून खायचा. जोडीदारीण गप्प गप्प असली तर विचारायचं. याने जागा भरल्या नाहीत, पण मी टिकले.

केईएममधल्या अरुणा शानबाग तुम्हाला माहीत असतील. 1973 मध्ये त्यांच्यावर हल्ला झाला आणि 2015 मध्ये त्या गेल्या. तिथल्या परिचारिकांनी त्यांना सुमारे 42 वर्षं सांभाळलं. अंगावर बेडसोअर होऊ दिला नाही, याचं साऱ्यांनी कौतुक केलं. बेडसोअर कशाने टळतो? दर दोन तासांनी कूस बदलून. म्हणजे एका पेशंटला दिवसाला बारा वेळा. वॉर्डात असे पाच असले तर साठ वेळा. माया कितीही असो, कूस बदलायला हात लागतात. सिस्टर एकटी असली की आधी हेच काम राहतं, आणि ते कुणाला दिसतही नाही.

2022 च्या मे महिन्यात राज्यातल्या सरकारी परिचारिका संपावर गेल्या, तेव्हा मला इथं पार्किंगमध्ये विचारलं गेलं, 'पगार वाढवायचाय का ताई?' नाही हो. खासगी एजन्सीमार्फत भरती नको, कायमच्या जागा भरा, ही त्यांची मोठी मागणी होती.

तुमच्याकडून मला चार गोष्टी हव्यात. पेशंटजवळ एकानेच थांबा. सिस्टर औषध भरत असेल तेव्हा तिला हाक मारू नका, दोन मिनिटं थांबा. आवाज चढवायच्या आधी बघा, ड्युटीवर किती जणी आहेत. कमी असतील तर तिच्याशी भांडू नका. रुग्ण कल्याण समितीकडे, आमदारांकडे लेखी मागा की जागा भरा. पाण्याच्या टाकीसाठी आपण तीन अर्ज केले, यासाठी एक तरी करू.

आपल्या सोसायटीतली एक लेक यंदा नर्सिंगला गेलीय. उद्या तीही नाईट करून सकाळी नऊला घरी येईल आणि दार लावून झोपेल. तेव्हा तिची बेल वाजवू नका. तिची भाजी शेजारणीने घेऊन ठेवावी. माझ्यासाठी तुम्ही हे केलंत, म्हणून मी 34 वर्षं नोकरी करू शकले.