तुरटीचा स्फटिक
(मंडळाच्या बालमेळाव्यातील भाषण)



स्फटिक घडताना पाहण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. दाढीनंतर गालावर फिरवायची तुरटी पुरते. कढत पाण्यात तिची पूड विरघळेनाशी होईपर्यंत घालावी, ते गाळून काचेच्या पेल्यात झाकून ठेवावे. पाणी निवाले की त्याची तुरटी धरून ठेवण्याची शक्ती घटते आणि जादा तुरटी कणांच्या रूपाने तळाशी बसते. त्यांतला एक सुबक कण दोऱ्याला बांधून, गाळलेल्या थंड द्रावणात अधांतरी सोडावा. पेला हलवू नये. आठ त्रिकोणी पैलूंचा स्फटिक दिवसेंदिवस वाढत जातो. मिठाला मात्र ही युक्ती चालत नाही. थंड आणि कढत पाण्यात ते जवळजवळ सारखेच विरघळते. तेथे पाणी उडून जाण्याचीच वाट पाहावी लागते.

एकदा बदलीच्या धामधुमीत मी कन्येने जपलेला कण घाईने कोमट द्रावणात सोडला. त्या पाण्याची भूक अजून भागली नव्हती. सकाळी नुसता दोरा लोंबत होता! दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. नव्या गावी सामान सुटण्यापूर्वीच तिने पेला मागितला. तेव्हाचा, सुपारीएवढा स्फटिक आज या मेजावर ठेवला आहे. मुलांनी तो अवश्य पाहावा. हात तेवढे कोरडे असावेत.