किनाऱ्याची बचत



आज आम्ही तुम्हाला वाळूची गोष्ट सांगणार आहोत. हसू नका! समुद्रकाठच्या बायकांना वाळूचं कसलं आलंय कौतुक? ती पायाला लागून घरात येते, अंथरुणात सापडते, दिवसातून दोनदा झाडून काढावी लागते. आम्हीही असंच म्हणत होतो. पण मार्चमध्ये आमच्या गटातल्या अकरा जणी केळशीला जाऊन आलो आणि आमचा एक ठरलेला बेत बदलला. तो का बदलला, ते सांगायचं आहे.

आमच्या वाडीसमोर, पुळणीच्या वरच्या अंगाला, वाळूचा लांबट उंचवटा आहे. हल्ली पर्यटक यायला लागलेत. म्हणून गटानं ठरवलं, की तो उंचवटा सपाट करायचा आणि तिथे कोकम सरबत, सोलकढी, मोदक विकायला शेड घालायची. निघालेली वाळू विकून जेसीबीचं भाडं सुटणार होतं. आमच्यातल्या एका वहिनींच्या घरी टेम्पो आहे, वाळूच्या फेऱ्या त्यांनाच मिळणार होत्या. बचतीतले अठरा हजार रुपये आम्ही बाजूलाही काढले होते. फक्त गटातल्या सगळ्यात मोठ्या काकू सही करत नव्हत्या. "माझ्या विहिरीचं काय ते आधी सांगा," एवढंच त्या म्हणायच्या. कोणालाच त्याचा अर्थ लागेना.

वेळासला कासव महोत्सवाच्या वेळी गावातली माणसं घरगुती राहण्याजेवणाची सोय कशी करतात, ते आम्हाला बघायचं होतं. वाटेत केळशी लागते. तालुक्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एक ताई आमच्याबरोबर होत्या. त्या म्हणाल्या, "आधी टेकडी बघू, मग पुढे जाऊ."

केळशीची वाळूची टेकडी खाडीच्या तोंडाशी आहे. आमच्या उंचवट्यासारखी ती गुडघाभर नाही, मान वर करून बघावी लागते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातले पुरातत्त्व संशोधक डॉ. अशोक मराठे यांनी तिचा अभ्यास केला. तिच्या पोटात जुन्या वस्तीच्या खुणा मिळाल्या. समुद्राच्या एका प्रचंड लाटेनं ही वाळू आणून टाकली असावी, असं त्यांनी मांडलं. १५२४ साली वास्को द गामाची जहाजं दाभोळच्या आसपास असताना समुद्र हादरल्याची नोंद पोर्तुगिजांनी करून ठेवली आहे. त्या घटनेशी त्यांनी टेकडीचा संबंध जोडला. ऐकून आम्ही गप्पच झालो. आपण जिला नुसती वाळू म्हणतो, तिच्या खाली कुणाची तरी चूल असू शकते.

मग ताईंनी आम्हाला पुळणीवर खाली बसवलं आणि वेली दाखवल्या. सगळ्यात पुढे, समुद्राच्या बाजूला पसरलेली मर्यादवेल. तिचं पान आपट्याच्या पानासारखं आणि फूल जांभळं. लहानपणापासून आम्ही ती तुडवत आलोय, पण नावाचा विचार कधी केला नव्हता. समुद्राची मर्यादा जिथे संपते, तिथे ती सुरू होते. वाऱ्यानं उडालेली कोरडी वाळू तिच्या पानांत अडकते, वेल गाडली जाते, पुन्हा वर येते, आणि असा हळूहळू उंचवटा तयार होतो. तिच्याबरोबर रावणाच्या मिशा हे टोकदार गवतही हेच काम करतं. त्याचे काटेरी गोळे वाऱ्यावर पळतात, त्यांच्यामागे आपली पोरं पळतात, ते हेच.

आमच्यातली एक म्हणाली, "पण पावसाळ्यात लाटा सगळी वाळू ओढून नेतात. मग काय उपयोग?"

ताई म्हणाल्या, "तुम्ही गटात बचत कशासाठी करता?"

"अडीनडीला."

"मग हीसुद्धा बचतच आहे."

त्यांनी समजावलं ते असं. पावसाळ्यातल्या मोठ्या लाटा पुळण खरवडतात. तेव्हा टेकडीतली वाळू कोसळून पुढे येते आणि लाटांचा जोर तिच्यावर खर्च होतो. खरवडलेली वाळू जवळच पाण्याखाली साचते. पाऊस सरला, समुद्र शांत झाला, की हलक्या लाटा तीच वाळू थोडी थोडी काठावर परत आणतात आणि वारा ती पुन्हा वेलींत नेऊन ठेवतो. काढलेलं कर्ज निसर्ग असं फेडतो. पण ती ठेवच कोणी उचलून विकली, तर मोठ्या लाटेच्या दिवशी काढायला काही उरत नाही. मग पुळणीमागच्या वाडीची पाळी येते.

हे ऐकताना आमच्या डोळ्यांसमोर ३ जून २०२० चा दिवस आला. निसर्ग वादळात दापोली-मंडणगडकडच्या किती जणींच्या पोफळी आणि माड आडवे झाले, कौलं उडाली, ते तुम्हालाही आठवत असेल. तो वारा वाळूनं अडणारा नव्हता. पण वाऱ्याबरोबर आत घुसणारी लाट अडवायला दारात काहीतरी हवं, एवढं आम्हाला तेव्हापासून कळतंय.

आणि मग काकूंच्या विहिरीचा उलगडा झाला. वाळूत मुरलेलं पावसाचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं असतं, म्हणून ते खाऱ्याच्या वर राहतं आणि समुद्राला आत येऊ देत नाही. उंचवटा जितका भरघोस, तितका गोड्या पाण्याचा साठा मोठा. वाळू काढली की साठा कमी होतो आणि खारं पाणी पुढे सरकतं. आमच्या वाडीच्या खालच्या अंगाची वाळू काही वर्षांपूर्वी उचलली गेली. तिथल्या विहिरीचं पाणी आता मार्चमध्येच मचूळ होतं, त्यात डाळ शिजत नाही. काकूंची विहीर वरच्या अंगाला आहे. तिथेच आमची शेड होणार होती. मे महिन्यात अर्धी वाडी त्यांच्याकडेच पाणी भरते. काकूंना शास्त्र सांगता येत नव्हतं, पण दोन विहिरींतला फरक त्यांनी रोज चाखला होता.

परत आल्यावर बैठक झाली आणि वादही झाला. टेम्पोवाल्या वहिनी म्हणाल्या, "टेकडीचं पोट भरलं, आमचं कोण भरणार?" प्रश्न खरा होता. तो टाळून चालणार नव्हता. सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांनुसार वाळूच्या टेकड्या सपाट करायला बंदी आहे, हे तेव्हा समजलं. म्हणजे शेड घातली असती तरी ती कधी ना कधी उठली असती. समुद्राच्या वाळूतल्या मिठानं बांधकामातलं लोखंड गंजतं, हेही वहिनींच्या यजमानांनी स्वतःच कबूल केलं. पण त्यानं त्यांचा हप्ता भरला जात नाही. शेवटी बाजूला ठेवलेल्या अठरा हजारांतले दहा हजार गटानं त्यांना कर्जाऊ दिले, टेम्पोतून ताजी भाजी आणि नारळ बाजारात नेण्यासाठी. धंदा अजून नीट बसलेला नाही. त्या अजून आमच्यावर थोड्या रागावलेल्या आहेत, आणि आम्हाला ते समजतं.

आमचं सरबत आता काकूंच्या खळ्यात मिळतं. पुळणीवर जायला एकच वाट ठेवली आहे, बाकी ठिकाणी वेल तुडवू नये म्हणून काठ्यांना दोरी बांधली आहे. पर्यटक विचारतात, दोरी कशाला? मग आम्ही त्यांना पेला भरून देतो आणि विहिरीकडे बोट दाखवतो.

मैत्रिणींनो, तुमच्या वाडीसमोरही असा उंचवटा असेल. या उन्हाळ्यात त्याच्या मागच्या विहिरीचं पाणी चाखून बघा. जिथली वाळू गेली आहे, तिथल्या विहिरीचंही चाखा. दोन्हीत काय फरक वाटला, ते आम्हाला जरूर कळवा.