चौथऱ्यावर चढलेली विमानं

भोसरी, तळवडे, चाकणहून शिफ्टची अदलाबदल करून इथे आलेल्या मित्रांनो,

एका टूलरूमवाल्याला आपण या परिषदेचं अध्यक्षपद दिलंत. अध्यक्षानं उद्योगाच्या पुढच्या वाटेबद्दल बोलावं अशी अपेक्षा असते. मी आज जुन्या लढाऊ विमानांबद्दल बोलणार आहे. ती टिकतील की मातीत जातील, हे ठरवण्यात आपल्या या पट्ट्याचा मोठा वाटा असू शकतो, अशी माझी खात्री आहे.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला मिग-२१ निवृत्त झालं. १९६३ साली ते तिथेच हवाई दलात दाखल झालं होतं. महाराष्ट्राचं त्याच्याशी नातं आहे ते ओझरमुळे. नाशिकजवळचा हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा तो कारखाना १९६४ मध्ये मुळात मिगसाठी सुरू झाला आणि दोन दशकं तिथून ही विमानं बाहेर पडत राहिली. निवृत्तीला महिना व्हायच्या आत, १७ ऑक्टोबरला, त्याच ओझरहून तिथे तयार झालेलं पहिलं तेजस मार्क-१ए आकाशात गेलं. नव्याचं स्वागत झालं आणि ते व्हायलाच हवं होतं. पण उतरलेल्या मिगचं पुढे काय? काही संग्रहालयांत जातील, काही महाविद्यालयांच्या आवारात, काही चौकाचौकांत चौथऱ्यावर चढतील. उद्घाटन होईल, फोटो निघतील. आणि नेमकी तिथूनच त्या विमानाची झीज सुरू होईल.

आपण धातूवर पोट भरणारी माणसं आहोत, म्हणून हे तपशिलात सांगतो. विमानाचा पत्रा तांबं किंवा जस्त मिसळलेल्या अॅल्युमिनियमचा असतो. वजनाच्या मानानं ताकद भरपूर, पण ओलाव्यापुढे शुद्ध अॅल्युमिनियमपेक्षा कितीतरी दुबळा. सेवेत असताना त्याची रोज पुसपास होते, ठरल्या तासांनी तपासणी होते. चौथऱ्यावर गेल्यावर त्याच्याकडे कोणी फिरकत नाही. झेपावल्यासारखं दिसावं म्हणून आपण त्याचं नाक वर करतो. पण पोटातली निचऱ्याची भोकं विमान चाकांवर उभं आहे असं धरून पाडलेली असतात. कोन बदलला की पाणी भलत्याच कप्प्यात साचतं. पोलादी बोल्ट आणि अॅल्युमिनियमचा पत्रा जिथे एकमेकांना टेकतात, तिथे ओल मिळाली की विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते आणि बळी जातो तो अॅल्युमिनियमचा. पत्र्याचे पापुद्रे सुटतात, रिव्हेटची डोकी उडतात. मॅग्नेशियमची कास्टिंग्ज तर त्याच्याही आधी भुगा होतात. कॉकपिटवरचं अॅक्रिलिक उन्हानं बारीक तडकून धुरकट होतं. हवा गेलेल्या टायरवर सगळा भार येऊन चाकं वेडीवाकडी होतात, म्हणून वजन स्टँडवर घ्यावं लागतं. आतल्या पोकळीत कबुतरं राहायला येतात आणि त्यांची विष्ठा उरलंसुरलं काम करते.

मग कोणाला तरी दया येते आणि ऑइलपेंटचा हात दिला जातो. मला सर्वांत जास्त दुःख या रंगाचं होतं. गंज आत कोंडला जातो, तो भाग वेगळा. पण मूळ रंगाचे थर, स्क्वाड्रनचं चिन्ह, पत्र्यावरचे स्टेन्सिलचे छोटे मजकूर, म्हणजे त्या विमानाची जन्मपत्रिका आणि सेवापुस्तक, एका दुपारीत पुसून जातं. कागदपत्रं हरवली तर दुसरीकडे प्रत सापडू शकते. पत्र्यावरचा मजकूर एकदा घासला की गेला.

याच्या उलट काय करता येतं ते पाहा, आणि ते आपल्याच विमानांच्या बाबतीत. दुसऱ्या महायुद्धानंतर कानपूरला लिबरेटर बॉम्बफेकी विमानांचा ढीग पडला होता. ती कोणाच्या उपयोगी पडू नयेत म्हणून सोडून जाणाऱ्या फौजांनी मुद्दाम मोडून ठेवली होती. हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या लोकांनी त्यातून निवडून, जोडून चाळीसच्या आसपास विमानं पुन्हा उडती केली. भारताचं पहिलं जड बॉम्बफेकी दल असं भंगारातून उभं राहिलं. यातली लिबरेटर आपल्या पुण्याहून, सहा नंबरच्या स्क्वाड्रनकडून, समुद्रावर टेहळणीला जात. १९६८ अखेर ती निवृत्त झाली. आज त्यातलं एक अमेरिकेत टुसाननजीकच्या पिमा संग्रहालयात आहे, एक ब्रिटनच्या हवाई दल संग्रहालयात. आणखी एक १९८०च्या दशकात भारतातून बाहेर गेलं, अमेरिकेतल्या एका संस्थेनं दुरुस्त केलं आणि ते कित्येक वर्षं प्रत्यक्ष उडत राहिलं. जगात लिबरेटर मुळात उरली मोजकी. त्यांतली एवढी वाचली ती भारतीय मेकॅनिकांनी त्यांना दोन दशकं उडतं ठेवलं म्हणून. पुण्याच्या किती मुलांना हे ठाऊक आहे?

त्याच सहा नंबरच्या स्क्वाड्रननं नंतर सुपर कॉन्स्टेलेशन वापरली. एअर इंडियाकडून हवाई दलाकडे आणि १९७६ मध्ये नौदलाकडे असा त्या विमानांचा प्रवास. त्यातलं एक गोव्यात बोगमाळ्याच्या वाटेवरच्या नौदल विमान संग्रहालयात उभं आहे. १९९८ मध्ये सुरू झालेलं हे संग्रहालय मी आवर्जून पाहायला सांगेन. सी हॉक, अलिझे, सी हॅरियर, सगळी तिथे भेटतात. त्यातली मोठी विमानं उघड्यावर आहेत, शेजारी समुद्र आणि वर कोकणचा पाऊस. तिथल्या माणसांच्या निष्ठेबद्दल मला आदरच आहे. पण खाऱ्या हवेपुढे निष्ठा पुरत नाही, छप्पर लागतं.

सी हॉक आणि अलिझे म्हटलं की विमानवाहू नौका विक्रांत आलीच. १९७१ मध्ये याच विमानांनी तिच्या डेकवरून चितगाव आणि कॉक्स बझारवर हल्ले चढवले. १९९७ मध्ये ती निवृत्त झाली, २००१ पासून मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली, २०१२ मध्ये असुरक्षित ठरून बंद झाली आणि २०१४ मध्ये लिलावात साठ कोटींना गेली. दारूखान्यात तिचे तुकडे झाले. त्यातलं काही पोलाद आपल्या आकुर्डीच्या बजाजनं घेतलं आणि २०१६ मध्ये आलेल्या ‘व्ही’ मोटरसायकलच्या पेट्रोल टाकीत वापरलं. लोकांनी ती गाडी अभिमानानं घेतली. त्या भावनेचा मी मान राखतो, तो धातू निदान कोणाच्या तरी जवळ राहिला. पण मित्रांनो, विक्रांतच्या वारशात आपल्या औद्योगिक पट्ट्याचा वाटा ती वितळल्यानंतर सुरू व्हावा, याची मला खंत आहे. गंजलेल्या प्लेटा बदलणं, पंप चालू ठेवणं, जिने आणि रेलिंग सुरक्षित करणं, ही कामं आपण ओळखतो. तेव्हा आपल्याला कोणी विचारलं नाही, आणि आपणही विचारायला गेलो नाही.

आता थोडं आपल्या माणसांबद्दल. आपल्याकडे विमानाचा विषय निघाला की शिवकर बापूजी तळपदे आणि १८९५ची चौपाटी निघते. त्या उड्डाणाचा पुरावा नाही. ज्या ‘वैमानिकशास्त्रा’चा त्यासाठी आधार दिला जातो, त्यातली विमानं उडू शकणार नाहीत, असं बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी १९७४ मध्येच दाखवून दिलं आहे. त्या दंतकथेवर चित्रपट निघाला. पण कोल्हापूर जिल्ह्यात १९०८ मध्ये जन्मलेले, गटिंगेनला प्रांटलसारख्या गुरूकडे शिकलेले डॉ. विष्णू माधव घाटगे किती मराठी घरांत माहीत आहेत? त्यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेलं एचटी-२ हे प्रशिक्षण विमान १९५१ मध्ये उडालं. आपल्याकडे आरेखित होऊन आपल्याकडेच बनलेलं, हवाई दलाच्या पिढ्यान्‌पिढ्या वैमानिकांचं पहिलं विमान. ते ज्या कारखान्यात झालं त्याचा पाया १९४० मध्ये सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी घातला. आपला खरा वारसा असा कागदावर, पत्र्यावर आणि रिव्हेटमध्ये आहे. तो हात लावून तपासता येतो.

पुण्यात तर त्याचा एक नमुना अगदी जवळ आहे. कमला नेहरू पार्कमधलं विमान बघत आपल्यापैकी अनेकांचं बालपण गेलं. ते एचएफ-२४ मारुत. जर्मन अभियंता कुर्ट टँक यांच्या मार्गदर्शनाखाली बंगळूरला बनलेलं, जून १९६१ मध्ये प्रथम उडालेलं भारताचं पहिलं स्वदेशी लढाऊ जेट. एकूण १४७ बनली. त्यातलं एक म्युनिकजवळच्या विमान संग्रहालयात आहे, जर्मन लोक ते आपल्या अभियंत्याचं काम म्हणून सांभाळतात. आपल्या अभियंत्यांचं कामही त्यातच आहे.

डाकोटाची गोष्ट तर तुम्ही वाचली असेल. ऑक्टोबर १९४७ मध्ये श्रीनगरला सैन्य उतरवणाऱ्या डाकोटांची आठवण म्हणून ‘परशुराम’ नावाचं एक डाकोटा २०१८ मध्ये भारतात उडत आलं आणि हवाई दलात दाखल झालं. राजीव चंद्रशेखर यांनी ते भेट दिलं, त्यांचे वडील डाकोटा उडवत. फार सुंदर काम. मात्र ते दुरुस्त झालं इंग्लंडात, कॉव्हेंट्रीला. भोसरीच्या गाळ्यांत फिरताना मला हे सारखं आठवतं. कुठलंही ड्रॉइंग नसलेला तुटका पार्ट समोर ठेवला, तर त्याचं माप घेऊन, धातू ओळखून, तसाच दुसरा करून देणारे लोक आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. सीएमएम आहेत, थ्रीडी स्कॅनर आहेत, हीट ट्रीटमेंट आहे, अॅनोडायझिंग आहे, तडे शोधणारी एनडीटीची माणसं आहेत. विमान उडतं करायचं तर प्रमाणपत्रांचा डोंगर चढावा लागेल, तो आपला आजचा विषय नाही. उभं विमान नीट उभं ठेवायला मात्र आपल्याकडे कशाचीच कमी नाही.

कमी आहे ती शिस्तीची. जुन्या विमानाला नव्यासारखं चकचकीत करण्याचा मोह आपल्याला होणार, कारण आपण रोज नवंच बनवतो. तो मोह आवरावा लागेल. बदललेल्या प्रत्येक भागावर खूण, प्रत्येक कामाची नोंद, काढलेला मूळ तुकडा जपून ठेवणं. आसनाखालची स्फोटकं काढल्याची लेखी खात्री असल्याशिवाय कॉकपिटला हात लावायचा नाही. जुन्या डायलवर रेडियमचा रंग असू शकतो, म्हणून ती उघडायची नाहीत. नगरच्या रणगाडा संग्रहालयात १९९४ पासून लष्करानं जुने रणगाडे रांगेनं जपले आहेत. सामूहिक काळजी कशी घेतात हे शिकायला ते आपल्यापासून फार लांब नाही.

या परिषदेपुढे मी दोन ठराव ठेवतो. पहिला असा की, आपल्या जिल्ह्यात चौथऱ्यावर असलेल्या एका विमानाची जबाबदारी परवानगीनं घ्यावी. यंदा फक्त पाहणी: फोटो, मोजमाप, गंजाचा नकाशा, निचऱ्याची भोकं मोकळी करणं. रंगाचा डबा कोणी आणायचा नाही. आयटीआयची मुलं सोबत घ्यावीत, शीट मेटलचा धडा त्यांना त्याहून चांगला मिळणार नाही.

दुसरा ठराव ओझरच्या निवृत्त कामगारांबद्दल. मिगच्या जोडणीवर उमेदीची वर्षं घालवलेले फिटर, टर्नर, तपासनीस आज सत्तरी-ऐंशीत आहेत. कोणत्या रिव्हेटला हात कसा वळवावा लागे, कोणता जिग कुठे अडायचा, हे कोणत्याही ड्रॉइंगमध्ये नाही. त्यांच्याकडे जायला मायक्रोफोन, वही आणि दोन माणसं पुरतात. गोपनीय ते त्यांनी सांगू नये, आपण विचारू नये. बाकी सगळं लिहून घ्यावं. जाणाऱ्यांची नावं आज चहाच्या सुट्टीत नोंदवून घेतली, तर पहिली गाडी येत्या रविवारी नाशिक फाट्यावरून निघू शकेल.