पुरस्कार थांबला, बँड वाजतच राहिला



आमच्या भागात उत्कृष्ट बचत गटाला दरवर्षी मिळणारा पुरस्कार यंदा बंद झाला. बैठकीत एक ताई म्हणाल्या, “मग आता वह्या एवढ्या नेटक्या ठेवायच्या कुणासाठी?” आम्ही सगळ्याच गप्प झालो. म्हणून आज एका बंद पडलेल्या पुरस्काराची गोष्ट सांगतो.

अमेरिकेत संगीतासाठी ग्रॅमी पुरस्कार देतात. ग्रामोफोनवरून हे नाव पडलं. ४ मे १९५९ ला पहिला समारंभ झाला. त्यात एक पुरस्कार नाचासाठी वाजवणाऱ्या वाद्यवृंदाला होता. तो काउंट बेसी यांच्या बँडला मिळाला. ग्रॅमी मिळवणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय कलावंतांत बेसी होते आणि गायिका एला फिट्झजेराल्डही होत्या.

बेसींची आई लोकांचे कपडे धुवायची, केक करून विकायची. पियानोचे पहिले धडे तिनेच मुलाला दिले. पुढे कष्टाच्या पैशातून एकेका शिकवणीचे २५ सेंट भरले. १९३६ साली बेसींचा बँड कॅन्सस सिटीतून रेडिओवर वाजत होता. जॉन हॅमंड नावाच्या संगीतातल्या जाणकाराने शिकागोत मोटारीतल्या रेडिओवर तो ऐकला, आणि बँडला मोठ्या शहरांची वाट मिळाली. रेडिओची ताकद बघा!

हा पुरस्कार सहा वेळा दिला गेला. त्यात तीनदा, १९५९, १९६१ आणि १९६४ साली, बेसी जिंकले. १९६० मध्ये मान ड्यूक एलिंग्टन यांचा होता. सहाही वेळा बँडप्रमुख पुरुषच, हेही लक्षात ठेवू या. १९६४ नंतर तो बंद झाला. मोठ्या बँडवर नाचायचे दिवस सरले होते. पंधरा-सोळा वादक पोसणं जड जात होतं आणि तरुणांना चार-पाच जणांच्या गटांचं संगीत आवडू लागलं होतं.

बेसींनी मात्र बँड मोडला नाही. १९८४ साली वारेपर्यंत ते वाजवत राहिले. त्यांच्या मागेही बँड चालू राहिला आणि २०२४ मध्ये त्याने जॅझच्या मोठ्या वाद्यवृंदासाठीचा ग्रॅमी मिळवला.

त्या ताईंना आम्ही एवढंच म्हटलं, “कर्जाच्या हप्त्यावरून वाद होतो, तेव्हा परीक्षक येत नाहीत. वहीच साक्ष देते. ती आपल्यासाठीच आहे.”

पुढच्या बैठकीला ताई वही घेऊन आल्या. जमाखर्च पैशापैशाला जुळला होता.