संगणकाच्या नोंदवहीची साक्ष

संगणक जीं कामें करतो, त्यांचीं टिपणें तो स्वतःच एका नोंदवहींत उतरवीत असतो. जाणकार तिला लॉग म्हणतात. या वहींत कधीं कधीं मोठी चमत्कारिक ओळ उमटते. लिनक्स प्रणालींतील अशी एक ओळ तर प्रसिद्धच आहे. तिचा भावार्थ असा : 'अज्ञात कारणानें इशारा आला आहे, भांबावून गेलों आहें, तरी काम पुढें चालविण्याचा यत्न करीत आहें.' यंत्रच भांबावलें म्हटल्यावर माणसानें काय करावें?

श्रोतेहो, प्रथम एक गोष्ट ध्यानीं धरावी. नोंद ही साक्ष आहे, निकाल नव्हे. दोष कोठें दिसला एवढेंच ती सांगते. तो कोठें जन्मला हें तिला ठाऊक असतेंच असें नाहीं. तापलेला प्रोसेसर, अशक्त वीजपुरवठा, खांचेंत नीट न बसलेली मेमरीची पट्टी, हीं सारीं एकाच तक्रारीच्या रूपानें प्रकट होऊं शकतात.

मेमरीचेंच उदाहरण घ्यावें. तेथील प्रत्येक बिट म्हणजे शून्य किंवा एक. तो अल्पशा विद्युत्भारावर टिकून असतो. वेष्टनांतील युरेनियम व थोरियम यांच्या लेशमात्र अंशांतून निघणारे आल्फा कण हा भार बिघडवूं शकतात, असें इंटेल कंपनीच्या टिमथी मे व मरे वुड्स यांनीं १९७८ सालीं दाखवून दिलें. २००३ सालीं बेल्जममध्यें शारबेक येथील निवडणुकींत एका उमेदवाराच्या नांवें ४०९६ मतें जादा पडलीं. ही संख्या म्हणजे दोनाचा बारावा घात. तेव्हां एकच बिट उलटला असावा, असा तज्ज्ञांनीं तर्क केला. आंकडा शक्यतेबाहेर गेला म्हणूनच ती चूक सांपडली.

यावरील उपाय बेल प्रयोगशाळेंतील रिचर्ड हॅमिंग यांनीं १९५० सालीं प्रसिद्ध केला. मूळ बिटांबरोबर तपासणीचे कांहीं जादा बिट ठेवले, म्हणजे चुकलेला बिट ओळखून सुधारतां येतो. सर्व्हरमधील ई.सी.सी. मेमरी याच तत्त्वावर चालते, आणि वहींत 'चूक सुधारली' अशी नोंद करते.

परंतु हा शब्द वाचून निर्धास्त होऊं नये. एकदांच आलेली नोंद क्षणिक असूं शकेल. त्याच पत्त्यावर तीच तक्रार वारंवार आली, तर वस्तूंतच दोष आहे असें समजावें. गूगलच्या यंत्रांवरील २००९ सालच्या अभ्यासांत वर्षाकांठीं शेंकडा आठांहून अधिक पट्ट्यांत चुका आढळल्या, आणि त्यांत कायमच्या दोषांचा वाटा मोठा असल्याचें अनुमान निघालें.

तपासाची रीत साधी आहे. माहितीची जुनी प्रत न पुसतां आधीं निराळी प्रत काढावी; कारण बिघडलेली मेमरी नव्या प्रतींतहि चूक उतरवूं शकते. मग ती ओळ वेळेसह जशीच्या तशी टिपावी आणि तिच्या आधींच्या ओळी वाचाव्या. त्यानंतर एका वेळीं एकच बदल करावा. संशयित पट्टी दुसऱ्या खांचेंत बसवावी. तक्रार पट्टीबरोबर गेली तर पट्टी दोषी; जुन्या खांचेलाच चिकटून राहिली तर मदरबोर्ड किंवा प्रोसेसर तपासावा. दोन वस्तु एकदम बदलल्या, तर यंत्र बरें होईल, पण खरा दोषी कोण तें कळणार नाहीं.

पेढीचे हिशेब, रुग्णाच्या औषधाचें प्रमाण आणि मतांची मोजणी आज याच बिटांवर विसंबून आहे. ज्यांच्या हातीं अशीं यंत्रें आहेत, त्यांनीं ती वही यंत्र बंद पडण्यापूर्वींच नित्य वाचीत जावी.