एक क्रियापद, शेकडो अर्थ

‘रन’ म्हणजे धावणे, असं आपण शाळेत शिकतो. पण ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशाच्या संपादकांनी या एका क्रियापदाचे तब्बल ६४५ अर्थ नोंदवले आहेत. १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांबलचक नोंद ‘सेट’ची होती; पुढे ‘रन’ने तिला मागे टाकलं. हा पसारा म्हणजे गोंधळ नव्हे. माणूस धावतो, नदी वाहते, नाक वाहतं, धुताना कपड्याचा रंग जातो, या सगळ्यांत काहीतरी अखंड पुढे सरकतं, म्हणून इंग्रजीत तिथे ‘रन’ येतं. यंत्रं आली तेव्हा इंजिन आणि अलीकडे संगणकावरचा प्रोग्रॅमही त्याच शब्दाच्या आधाराने चालू लागला.

कुणी विचारेल, ‘रन आउट ऑफ मिल्क’ म्हणजे दूध संपणं, यात धावणं कुठलं? आक्षेप रास्त आहे. असे काही जोडप्रयोग वेगळे शिकावेच लागतात. पण आपलं ‘लागणे’ पाहा: भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, वेळ लागतो. मराठी मूल हे अर्थ यादी पाठ करून शिकत नाही, ऐकलेल्या वाक्यांतून उचलतं. इंग्रजीच्या वर्गातही ‘रन’ असंच, वाक्यांतून यायला हवं. नुसतं ‘धावणे’ पाठ केलेला विद्यार्थी ‘शी रन्स अ स्कूल’पाशी अडणारच.