मिठाचा हिशेब



मी कॉम्प्युटरवर बोलावं अशी अपेक्षा होती. पण सकाळी चहाला आपल्यापैकी बरेच जण बीपीच्या गोळ्यांवरच बोलत होते, म्हणून विषय बदलते.

आपली मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळतात आणि लघवी होते जेमतेम दीड-दोन लिटर. बाकीचं पाणी, मीठ, साखर परत रक्तात जातं. म्हणजे गाळण्याइतकंच मोठं काम आहे, परत किती घ्यायचं ते ठरवण्याचं. घाम जास्त गेला की मेंदूतून एडीएच हे संप्रेरक सुटतं आणि मूत्रपिंड पाणी राखून ठेवतं. रक्तदाब उतरला की मूत्रपिंड रेनिन सोडतं. त्यातून पुढे अल्डोस्टेरॉन वाढतं. ते सोडियम वाचवतं आणि पोटॅशियम बाहेर टाकतं.

पोटॅशियमचा हिशेब नाजूक. रक्तात ते लिटरला साधारण ३.५ ते ५ मिलीमोल असतं. फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, आणि आधी काही जाणवेलच असं नाही.

माझ्या आईचं पोटॅशियम ६च्या वर गेलं, तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "घरात मीठ कोणतं?" घरात होतं 'लो सोडियम' मीठ. त्यात सोडियम क्लोराइडचा काही भाग कमी करून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. मूत्रपिंड धडधाकट असेल तर ते सहसा चालतं, रक्तदाबाला उपयोगीही पडतं. पण मूत्रपिंड अधू असेल, किंवा रामिप्रिल, टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोनसारख्या गोळ्या चालू असतील, तर पोटॅशियम बाहेर जाण्याची वाट अरुंद होते. आईच्या बाबतीत दोन्ही होतं. मीठ बदललं, डॉक्टरांनी औषधं आणि आहार जुळवला, आकडा खाली आला.

म्हणून विनंती एवढीच. बीपीची गोळी मनाने बंद करू नका, पण मीठ बदलण्याआधी डॉक्टरांना विचारा. त्यांच्या सल्ल्याने क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासत राहा. गुडघ्यांसाठी वेदनाशामक गोळ्या परस्पर घेऊ नका; त्या मूत्रपिंडाला जड जातात. आणि मीठ, कोणतंही असो, कमीच खा. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी सांगते. म्हणजे लोणचं, पापड, फरसाण धरून एक लहान चमचा.

पाकिटावरची बारीक अक्षरं वाचायला आता आपल्याला चष्मा लागतो. तो लावा, पण वाचा. पुढच्या मेळाव्याला सगळे हवे आहात.